झोपेचा सर्व्हे

विद्यापीठात तिला सगळे टॉर्चबाई म्हणायचे. सुरक्षाप्रमुख म्हणून रुजू झाल्या झाल्या तिने भर दुपारी हातात टॉर्च घेऊन सगळं आवार पालथं घातलं होतं. जिन्याखालची अडगळ, सायकल स्टँडमागची भिंत, प्रयोगशाळांमधला बोळ, जिथे म्हणून दिवसाही अंधार असतो तिथे ती उजेड पाडून बघत होती आणि पायऱ्यांवर बसलेली पोरं खिदळत होती. नाव तिथल्या तिथे पडलं. तिच्या कानावर आलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. अडचणीत सापडलेल्या माणसाला 'मुख्य सुरक्षा अधिकारी' म्हणायला वेळ कुठला असतो."

पोलिसातली नोकरी मुदतीआधी सोडून ती इथे आली होती. आली तेव्हा कुलसचिवांनी मोठ्या अभिमानाने मागच्या वर्षीचा अहवाल तिच्यापुढे सरकवला. गुन्ह्यांच्या रकान्यात चक्क भोपळा. तरुण पोरांचं एवढं मोठं गाव, आणि वर्षभर कुणाची साधी छत्रीही चोरीला गेली नाही, हे काही तिच्या पचनी पडेना.

पाणी कुठे मुरतंय हे शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. फाटकाजवळच्या चौकीत ती नुसती जाऊन बसली. थोड्या वेळाने एक मुलगा आला. व्यायामशाळेतून त्याचा फोन गेला होता. चौकीवरचे पहारेकरी नाना, आवारातला सगळ्यात जुना माणूस, वर न बघताच म्हणाले, "नीट शोधलंत का? खोलीवर राहिला असेल."

"शोधला, काका."

"मित्रांनी गंमत केली असेल. परीक्षा जवळ आलीय, कशाला नसत्या भानगडी लावून घेता मागे?"

मुलगा "सॉरी हं" म्हणून निघून गेला.

"नाना," ती म्हणाली, "चोरी त्याची झाली आणि सॉरीही तोच म्हणाला."

नाना ओशाळले. माणूस वाईट नव्हता. पूर्वीच्या साहेबांना तक्रार आलेली खपत नसे, म्हणून जिभेला वळण तसं लागलं होतं. त्या दिवसापासून तिने 'नीट शोधलंत का' हे वाक्य चौकीतून हद्दपार केलं. येणाऱ्याला आधी खुर्ची द्यायची, मग ऐकायचं. प्रत्येक इमारतीच्या दारावर स्वतःचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लावला. तक्रारी येऊ लागल्या, आणि कुलसचिवांच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या.

तिची भाची, म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी, याच विद्यापीठात संशोधन करत होती. घरी तिला बबडी म्हणत. मावशीची नेमणूक झाली तेव्हाच तिने बजावून ठेवलं होतं, "आवारात मी तुझी कुणी नाही. ओळख दाखवायची नाही, आणि बबडी म्हणून हाक तर चुकूनही मारायची नाही." मावशीने ते पाळलं होतं.

एका रविवारी टॉर्चबाई बहिणीकडे जेवायला गेली. बबडीही वसतिगृहातून आली होती. एरवी जेवताना आपल्या मार्गदर्शक सरांच्या नकला करून सगळ्यांना हसवणारी पोर आज ताटात बोट फिरवत बसली होती. जेवणं झाल्यावर ती टेबलाशी कागद घेऊन हाताने काहीतरी लिहायला लागली.

"लॅपटॉप कुठे गेला?" मावशीने भांडी पुसता पुसता सहज विचारलं.

"दुरुस्तीला दिलाय."

"कुठल्या दुकानात?"

बबडी गप्प. मावशीही गप्प. समोरचं माणूस बोलेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही, एवढी पोलिसातली सवय तिला चांगली उपयोगी पडायची. एक पातेलं पुसून झालं, दुसरं झालं.

"आईला सांगणार नाहीस ना?" बबडीने खाली बघतच विचारलं.

"ते तुझं तू ठरव."

मग सगळं बाहेर पडलं. वाचनालयाच्या पायऱ्यांवर एक गृहस्थ भेटले होते. नीटनेटके, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, बोलणं एकदम मऊ. मानसशास्त्र विभागातर्फे विद्यार्थ्यांच्या झोपेवर सर्व्हे चाललाय म्हणाले. झोप लागते का? खोलीत आवाज येतो का, कितव्या मजल्यावर आहे? खोलीत आणखी कोण असतं? सुट्टीला घरी गेल्यावर झोप बरी लागते का, आणि घरी जाता कधी?

"मी पोपटासारखं सगळं सांगितलं," बबडी म्हणाली. "वर म्हटलं, शनिवार-रविवार आईकडे असते, तेवढीच काय ती झोप. पुढच्या सोमवारी खोलीवर गेले तर कुलूप जसंच्या तसं, आणि लॅपटॉप नाही. मला वाटलं मीच वाचनालयात विसरले. दोन दिवसांनी लक्षात आलं, कडीचे स्क्रू नवे कोरे होते. काढून परत बसवले होते."

"प्रबंध?"

"तीन प्रकरणं त्यातच होती."

मावशीने फडकं बाजूला ठेवलं. "मला फोन का नाही केलास?"

"कुठल्या तोंडाने करू? टॉर्चबाईची भाची, आणि तिनेच चोराला आपण होऊन पत्ता दिला. मला हसले असते ते हसले असते, पण तुला जास्त हसले असते."

हे मात्र मावशीला आतपर्यंत लागलं. दारोदार नंबर लावून ती निर्धास्त झाली होती, आणि घरची पोर तोंड दाबून बसली होती. नंबर लावला म्हणजे लाज जात नाही, हे तिला त्या स्वयंपाकघरात कळलं. ती बबडीच्या शेजारी बसली.

"हे बघ. विचारलेल्या प्रश्नाला तू खरं उत्तर दिलंस. खोटं तो बोलला. लाज वाटायचीच असेल तर त्याला वाटू दे."

बबडीने नाक पुसलं.

"तुझ्यासारखी आणखी किती असतील?"

"माझ्याच मजल्यावर एकीचा कॅमेरा गेलाय. ती म्हणते प्रवासात हरवला." बबडीने मान वर केली. "तिच्याही झोपेचा सर्व्हे झालाय, मावशी."

सोमवारी सकाळी टॉर्चबाई कुलसचिवांच्या खोलीत उभी राहिली. विद्यार्थ्यांना एकत्र बोलावून हे उघड सांगायला हवं, असं तिचं म्हणणं. कुलसचिवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"प्रवेशाचे दिवस आहेत, मॅडम. आवारात चोर फिरतोय असं आपणच ओरडून सांगायचं? गुपचूप पकडा ना त्याला."

"साहेब, त्याचा धंदाच गुपचूपपणावर चाललाय. ज्याची वस्तू गेली तो स्वतःला वेंधळा समजून गप्प बसतो, आणि हा पुढच्या पायरीवर जाऊन बसतो."

"तुम्ही आल्यापासून तक्रारी वाढल्यात, हे तरी मान्य करा."

"मान्य. चोऱ्या आधीही होत्या. मुलं त्या मनात घेऊन घरी जात होती."

"आणि विद्यापीठाचं नाव खराब झालं तर?"

"तर माझ्यावर ढकला. सरळ सांगा, बाईंनी ऐकलं नाही."

ही बाई ऐकणाऱ्यातली नाही, हे कुलसचिवांना बहुतेक पटलं असावं. "उपाहारगृहात घ्या," ते शेवटी म्हणाले. "मोठ्या सभागृहात नको."

तेच तिला हवं होतं. दुपारी उपाहारगृहात उभं राहायला जागा नव्हती. टॉर्चबाईने मोजक्या शब्दांत प्रकार सांगितला आणि विचारलं, हा माणूस कुणाला भेटलाय का. सगळे एकमेकांकडे बघू लागले. चमचे थांबले, पण हात एकही वर आला नाही.

तेवढ्यात मागच्या टेबलाशी बबडी उभी राहिली. मावशीने तिला यातलं काही सांगितलं नव्हतं.

"मला भेटला," ती म्हणाली. "मी माझी खोली, मजला, घरी जायचा वार, सगळं त्याला सांगितलं. माझा लॅपटॉप गेला. आणि मी या बाईंची सख्खी भाची आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, म्हणजे मग कामाचं बोलता येईल."

कुणी हसलं नाही. खांबाशी टेकलेला पदार्थविज्ञानाचा एक लंबूटांग संशोधक घसा खाकरत म्हणाला, "मलाही भेटला. मी तर त्याला कॉफी पाजली. जाताना माझे हेडफोन किती छान आहेत म्हणाला. परवा तेच गेले."

आता मात्र हशा पिकला, आणि त्या हशासरशी सगळ्यांच्या मनावरचं दडपण उतरलं. हात वर येऊ लागले. एकीचा कॅमेरा, एकाचं घड्याळ. काहींचं काहीच गेलं नव्हतं, पण सर्व्हे झाला होता. त्यांनी त्याच दिवशी कड्या बदलून घेतल्या. बोलण्याबोलण्यातून चित्र स्पष्ट झालं. गडी नेहमी आठवडा संपत आला की दुपारी यायचा, बाजूच्या छोट्या फाटकातून. मानसशास्त्र विभागाकडे मात्र कधी फिरकायचा नाही.

"तो दिसला तर कुणीही अडवायचं नाही," टॉर्चबाईने बजावलं. "मागे जायचं नाही, फोटो काढत बसायचं नाही. काहीतरी निमित्त सांगून बाजूला व्हायचं आणि मला फोन करायचा. पुढचं माझ्याकडे. पगार त्याचाच घेते मी."

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. पहिल्या वर्षातली एक मुलगी दबक्या आवाजात बोलत होती. "बाई, वाचनालयापाशी मला आत्ता झोपेबद्दल विचारलं. तासाला उशीर होतोय सांगून निघाले. आता ते दुसऱ्या एकाशी बोलतायत."

"शाब्बास. आता खरंच तासाला जा."

टॉर्चबाईने पोलिसांना कळवलं, नानांना छोट्या फाटकावर उभं केलं, मानसशास्त्राच्या प्राध्यापिकांना फोन लावला आणि रमतगमत वाचनालयाकडे निघाली. गृहस्थ पायरीवर बसले होते. ती त्यांच्याशेजारी जाऊन बसली. गणवेश ती कधी घालत नसे, त्यामुळे त्यांना ती कार्यालयातली कुणीतरी वाटली.

"झोपेचं विचारताय म्हणे. माझी झोप फार वाईट आहे हो."

"कर्मचाऱ्यांचा सर्व्हे पुढच्या टप्प्यात आहे," तो साळसूदपणे म्हणाला.

"मग विद्यार्थ्यांचं सांगा. काय निघालं आत्तापर्यंत?"

तो गोलगोल बोलत राहिला. ती मान डोलवत राहिली. तेवढ्यात प्राध्यापिका आल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "अरे वा, झोपेवर काम? छान विषय. मार्गदर्शक वेळ देतात का?"

"हो, अगदी कधीही. फोन केला की लगेच. लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचून परत देतात."

आजूबाजूच्या पायऱ्यांवरच्या संशोधकांनी माना वळवल्या. लंबूटांग हळूच म्हणाला, "हा आपल्यातला नाही." प्राध्यापिकांनाही हसू आवरलं नाही. मग त्यांनी चष्मा नाकावर चढवून त्याचं ओळखपत्र हातात घेतलं आणि हसणं थांबवलं. "माझ्या विभागाचं नावसुद्धा धड लिहिलेलं नाही यावर."

त्याचा चेहरा उतरला. तो उठला, छोट्या फाटकाकडे बघितलं. तिथे नाना हाताची घडी घालून उभे होते. मोठ्या फाटकातून पोलिसांची गाडी आत येत होती.

"बसा," टॉर्चबाई म्हणाली. "पळून कुठे जाता? इथे तुम्हाला सगळे ओळखतात आता."

तो बसला. पोलिसांना त्याच्या पिशवीत पेचकस आणि नव्या स्क्रूंची पुडी सापडली. त्याच्या भाड्याच्या खोलीत निम्म्याहून अधिक वस्तू मिळाल्या. कॅमेरा मिळाला, हेडफोन मिळाले. बबडीचा लॅपटॉप मात्र मिळाला नाही. तो कधीच कुणाला तरी विकला गेला होता. सरांकडे तिच्या दोन प्रकरणांचे जुने खर्डे निघाले, तिसरं तिला पहिल्यापासून लिहावं लागलं. चार महिने मान मोडून बसली, आणि आधीपेक्षा बरं झालंय असं म्हणाली. खरं खोटं तिलाच ठाऊक.

बहिणीला सगळं कळलं तेव्हा ती टॉर्चबाईवर उखडली. "एवढ्या लोकांत पोरीला उभं केलंस? तुला काही वाटलं नाही?"

"आई, मावशीने नाही केलं," बबडी आतल्या खोलीतून म्हणाली. "मीच उभी राहिले." बहीण चहा ठेवायला उठली, आणि ठेवता ठेवता लेकीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवून गेली.

वर्षअखेरीला नवा अहवाल तयार झाला. गुन्ह्यांच्या रकान्यातला आकडा बघून कुलसचिवांनी दीर्घ श्वास सोडला. "हा थोडा कमी नाही का करता येणार?"

"करू की. पुढच्या वर्षी कड्यांचे स्क्रू सगळे आतून बसवून घेऊ, छोट्या फाटकावर माणूस देऊ. आपोआप कमी होईल."

"मी कागदावरचं म्हणतोय."

"मी दारावरचं," ती म्हणाली. कुलसचिव तिच्याकडे बघून नाइलाजाने हसले आणि त्यांनी खाली सही केली. एवढ्यात तिचा फोन वाजला. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेची मागची खिडकी लागत नाही, असं कुणी मुलगी सांगत होती. लहानशा गोष्टीसाठी फोन केला म्हणून ती माफी मागायला लागली, तर टॉर्चबाईने तिला मध्येच थांबवलं. "अगं, याच्यासाठीच आहे मी. कुठली खिडकी, सांग," म्हणत ती जिना उतरू लागली.