लंबू कट्ट्यावर बसला तो दिवस

त्या लंबूचं मला काही म्हणजे काही पटायचं नाही. रोज संध्याकाळी मैदानात यायचा, कमरेवर हात ठेवायचा आणि एकच रडगाणं लावायचा. "आजकालच्या पोरांना खेळ नकोच. घरातून हलतील तर शपथ!" अरे, पण आलेल्या पोरांचं तू काय करतोस, ते सांग की आधी!

मित्रांनो, मी एक जुनी बास्केटबॉलची रिंग आहे. एका वेल्डरने लोखंडी सळई तापवून, वाकवून मला घडवलं आणि दहा फूट उंचावर नेऊन बसवलं. तेव्हापासून मी कोणासाठी वाकलेली नाही. शाळेची पायरी मी चढले नाही. पण कोण मनापासून खेळतो आणि कोण मिरवायला येतो, हे मला चेंडूच्या नुसत्या स्पर्शावरून कळतं.

खरं सांगते, लंबूसारखा खेळाडू मी दुसरा पाहिला नाही. तो क्रेन चालवतो. दिवसभर अवजड लोखंड उचलून झालं, की कामाच्या बुटांची पिशवी माझ्या खांबाला अडकवतो आणि खेळायला उतरतो. वीस वर्षांत आजारपण सोडलं तर एक खाडा नाही. मैदान तोच झाडतो. माझा गंज खरवडून मला रंगही त्यानेच दिला. त्याची धाकटी बहीण शिवणकाम करते. ती मला दोरीची जाळी विणून देते. लंबूचा चेंडू माझ्या कडेला न शिवता त्या जाळीतून सपकन गेला, की या वयातही मला गुदगुल्या होतात.

पण आमच्या मैदानाची रीत अशी, की दोन थोरल्यांनी आळीपाळीने आपले गडी निवडायचे. पाच-पाच झाले, की उरलेली धाकटी पोरं कट्ट्यावर. "बसा रे, पुढच्या डावाला घेतो!" लंबू सांगायचा. तो पुढचा डाव अंधार पडेपर्यंत यायचाच नाही. चिमणी म्हणून एक अकरा वर्षांची पोर होती. बुटांच्या नाड्या घट्ट आवळून यायची आणि तशीच परत जायची. एक दिवस ती यायची थांबली. मग तिच्याशेजारी बसणारा गोट्या थांबला, मग बाकीची. थोरल्यांपैकी कोणाचे गुडघे गेले, कोणी नोकरीसाठी परगावी गेला. शेवटी उरला एकटा लंबू.

मग मैदानाचे व्यवस्थापक आले. "महिनाअखेरपर्यंत दहा जण खेळताना दिसले नाहीत, तर ही रिंग काढणार. गाड्या लावायला जागा हवी आहे."

लंबूने सगळ्यांना फोनवर निरोप धाडले. कोणी फिरकलं नाही. बहीण शिडीवर चढून जाळी बांधत होती, तिच्यापुढे त्याने तेच रडगाणं सुरू केलं. तिने गाठ मारली आणि म्हणाली, "दादा, तू पोरांना बोलावतोस आणि बसवून ठेवतोस. बसायला त्यांच्या घरी जमीन नाही का?"

दुसऱ्या दिवशी लंबू दारोदार फिरला. "नवा नियम आहे. आदल्या दिवशी जे कट्ट्यावर उरले, ते गडी निवडणार. सुरुवात चिमणी आणि गोट्यापासून."

त्या संध्याकाळी दहा पोरं आली. लंबू अकरावा. चिमणीने एक नाव घेतलं, गोट्याने एक, पुन्हा चिमणीने. पाच-पाच झाले आणि लंबू उभाच! चिमणी त्याच्याकडे वळून म्हणाली, "काका, बसा. पुढच्या डावाला घेते!"

सगळी पोरं खिदळली. लंबूने खांबावरची पिशवी काढली. मला वाटलं, चालला हा रुसून. आणि हा गेला, तर पोरं उद्या कोणाच्या भरवशावर येणार? पण तो गेला नाही. पिशवी मांडीवर घेऊन गुमान कट्ट्यावर बसला, आणि थोड्याच वेळात टाळ्या वाजवू लागला.

पोरांचे चेंडू माझ्यापर्यंत पोचेनात. मग चिमणीने दोन्ही हातांनी एक भिरकावला. तो माझ्या कडेवर गरगर फिरू लागला. खोटं कशाला बोलू? माझा एक बोल्ट सैल होता. कधी कोणासाठी न वाकलेली मी, जराशी आतल्या अंगाला कलले. चेंडू आत! सगळ्यांत मोठ्याने ओरडला तो लंबू. फाटकातून व्यवस्थापकांनी दहा डोकी मोजली आणि आल्या पावली परत गेले.

चिमणीने शब्द पाळला. दुसऱ्या डावाला, उजेड असतानाच, तिने काकांना आत घेतलं.

मित्रांनो, गंजलेली रिंग खरवडून रंगवता येते. पण पोरांच्या हौसेला गंज चढला, तर तो कशाने खरवडणार? म्हणून आलेल्याला खेळू द्या.

पोरं घरी गेल्यावर लंबू पाना घेऊन शिडीवर चढला आणि माझा बोल्ट आवळू लागला. तेव्हा मी कुरकुरत त्याला सुनावलंच, "लंबू, वीस वर्षं खेळलास, पण आज कट्ट्यावर बसून जिंकलास हो! आता तो बोल्ट फार आवळू नकोस. चिमणी उद्या पुन्हा येणार आहे."