काकासाहेबांच्या काखेतली गाठ आणि माझा मुक्काम

गारखेड्यातल्या काकासाहेबांच्या काखेतली गाठ कुणी घालवली, यावर डॉक्टरीणबाईंचं मत वेगळं आहे. त्या शिकलेल्या आहेत; त्यांना काय वाटायचं ते वाटू द्या. गाठ मी घालवली.

मी अजिंठ्याचा मोतीराम. काकासाहेब माझे साडू. त्यांना मानेत एक आणि काखेत एक अशा कॅन्सरच्या गाठी निघाल्याचं कळलं, तसे मी दोन सदरे पिशवीत कोंबले आणि भेटायला गेलो. आजाऱ्याला भेटायला जावंच लागतं. परत कधी फिरायचं, हे मात्र कुणी ठरवून दिलेलं नाही.

मुंबईला मानेतल्या गाठीवर प्रोटॉनचा मारा झाला, तेव्हाही मी सोबत होतो. बॅग धरायला. ते मशीन म्हणजे देवगिरीच्या किल्ल्याला पत्रा ठोकल्यासारखं. आत प्रोटॉन नावाचे बारके कण गरगर फिरवतात, जत्रेतल्या मौत का कुआँत फटफटी फिरते तसे, आणि वेग चढला की पेशंटच्या अंगात सोडतात. काकासाहेबांना हलता येऊ नये म्हणून त्यांच्या तोंडाच्या मापाचा जाळीदार मुखवटा घालून टेबलाला आवळलं होतं. एक कण चुकून माझ्या कानाला चाटून गेला. तेव्हापासून मला त्या कानानं परभणीचा रेडिओ ऐकू येतो. शेतमालाचे भाव तर फार स्वच्छ.

पुढची तपासणी गारखेड्यातच, डॉ. मुबश्शिर या डॉक्टरीणबाईंकडं. त्यांनी सारजाबाईंना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, नीट समजावलं.

"मावशी, साधे किरण आरपार जातात. प्रोटॉनचं तसं नाही. तो आत शिरतो, ठरल्या जागी थांबतो आणि सगळा जोर तिथंच काढतो."

सारजाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "कळलं. आमच्या दाजींसारखा."

"आणि काखेतली गाठ?" मी विषय बदलला. "तिच्यावर तर मारलंच नाय."

"शरीरात पहारेकरी पेशी असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाठ त्यांना भासवते की मी घरचीच आहे, म्हणून त्या तिला हात लावत नाहीत. मानेतली गाठ फुटली की आतलं खरं रूप बाहेर पडतं. पहारेकऱ्यांना चेतवणारं इंजेक्शनही चालू आहे. मग कधी कधी ते दुसऱ्या गाठीलाही ओळखतात आणि हुसकून लावतात. नेहमीच होतं असं नाही. दिवाळीआधी स्कॅन करू. गाठ उतरली नसेल तर मोठं ऑपरेशन, आणि काकांचं हृदय पाहता मला ते नकोसं वाटतंय."

घर आल्यावर सारजाबाई पायरीवरच बसल्या.

"ह्यांच्या पहारेकऱ्यांच्यानं नाय व्हायचं," त्या म्हणाल्या. "ह्या माणसानं जन्मात कुणाला निघा म्हणलं नाय. मिक्सर विकणारा आला, तो दोन चपात्या खाऊन गेला. ह्यांच्या पेशीबी गाठीला म्हणत असतील, बसा, च्या घ्या!"

आता माझं कसं चाललं होतं ते सांगतो. रोज सकाळी मी पिशवी उचलून म्हणायचो, "निघतो." काकासाहेब म्हणायचे, "असं कसं? जेवून जा." यावर पाहुण्यानं "नको, नको" करत चप्पल घालायची, हा आपला रिवाज. मी तेवढी चप्पल गाळायचो. जेवलं की ऊन, ऊन उतरलं की च्या, आणि च्या संपेस्तोवर अजिंठ्याची बस गेलेली.

त्या संध्याकाळी माझ्या रेडिओच्या कानाला स्वयंपाकघरातलं बोलणं लागलं.

"अवं, त्यांना एकदा तरी निघा म्हणा. घरात जमलं तर काखेत जमंल."

"साडू हाय गं. लाज वाटती."

"ती गाठबी तुमच्या लाजंवरच जगतीय!" आणि सारजाबाईंचा आवाज फुटला. एवढ्या तिखट बाईचा.

मी स्वतःशीच म्हटलं, मोतीराम, साडूच्या जिवाचा प्रश्न आहे. तू अजून पुरेसा वाईट नाहीस.

मग मी कामाला लागलो. काकासाहेबांच्या पलंगावर झोपलो. टीव्हीचा रिमोट उशाखाली घातला. पुरणपोळी मागवली आणि पुरण कच्चं आहे म्हणालो. तरी तो देवमाणूस हसतोच! शेवटी मी ब्रह्मास्त्र काढलं. मुंबईहून आणलेला तो जाळीचा मुखवटा त्यांनी बैठकीत खिळ्याला लावला होता. त्याच्या नाकावर मी माझी ओली बंडी वाळत घातली.

काकासाहेब बैठकीत आले. आपल्याच तोंडावर माझी बंडी ठिबकताना त्यांनी पाहिली. मग मला पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी उचलली. "निघतो."

सारजाबाई उलथनं धरून दारात उभ्या. काकासाहेबांच्या मानेच्या शिरा टरारल्या.

"निघा!"

गारखेड्यातले सगळे पोपट एकदम उडाले. माझी पिशवी माझ्या आधी स्टँडवर पोचली. आणि त्या कानानं मी स्वतः ऐकलं, काखेत बारीकसं "टप्प" झालं.

स्कॅनमध्ये गाठ चिंचोक्याएवढी, नंतर तीही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मारा आणि इंजेक्शन दोन्ही लागू पडले. सारजाबाईंनी गल्लीत पेढे वाटले. अजिंठ्याला एक पाठवला नाही.

पण चेतलेला पहारेकरी लवकर झोपत नसतो. काकासाहेबांच्या अंगावर चट्टे उठले, पोट बिघडलं. घरातही तोच कहर. दूधवाला, निघा! सोसायटीचा चेअरमन, निघा! दिवाळीला आलेला जावई फराळाआधीच वाटेला लागला. तपासायला गेले तर डॉ. मुबश्शिरांनाही म्हणाले, "निघा!"

"काका, दवाखाना माझा आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "पहारेकरी आता घरच्यांनाच झोडायला लागलेत. त्यांना थोडं शांत करावं लागेल." आणि गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्यांनी चट्टे गेले. स्वभावाचं काय? शेवटी सारजाबाईंचा फोन आला.

"दाजी, एकदा येऊन जावा. ह्यांची पाहुण्याची सवय मोडलीय."

"किती दिवसांसाठी येऊ?"

"सकाळी या. एकच सदरा आणा."

गेलो. काकासाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझी बंडी तिथं पोचू नये म्हणून मुखवट्यापुढं त्यांनी खुर्ची टाकून ठेवली होती. च्या आला, गप्पा झाल्या. मग मी घसा साफ केला आणि म्हणालो, "निघतो."

सारजाबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या. काकासाहेबांच्या मानेची शीर एकदा उडाली आणि बसली.

"जेवा," ते म्हणाले. "आणि मग निघा."