न खोडलेलं वाक्य

वकीलबाईंनी ‘हरामखोर’ या शब्दावर आडवी रेघ मारली.

“हे चालत नाही.”

“पण तो आहेच.”

“असेल. न्यायालयात त्याला ‘प्रतिवादी क्रमांक दोन’ म्हणतात.”

ती खुर्चीत मागे सरकली. समोर तिनं घरून लिहून आणलेली पानं होती. पेन जिथे दाबलं गेलं होतं तिथे कागद फाटायला आला होता. वकीलबाई वाफ्यातलं तण काढावं तसं एकेक वाक्य काढत होत्या.

‘साहेबांना पाण्यातलं काही कळत नाही, ते कुठे मुरतं तेवढं कळतं.’

खोडलं.

‘जनहितार्थ म्हणे. ठेकेदार हा एकटाच जन आहे का?’

खोडलं. पण वकीलबाई हसल्या.

“राग घरी ठेवून या. मला घटना द्या.”

घटना अशी होती. ती पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. शहराची नवी टाकी बांधून झाली, फीत कापायला पाहुणे ठरले, आणि टाकीच्या पाण्यात मैल्याचे जंतू निघाले. तिनं अहवालावर लिहिलं, पिण्यास अयोग्य. साहेबांनी वर बोलावलं. साहेब म्हणजे मुख्य अभियंता, कधी आवाज न चढवणारा माणूस.

“नमुना पुन्हा घ्या, बाई. आधी टाकीत भरपूर क्लोरीन टाकू आणि मग घ्या.”

“मग ती क्लोरीनची तपासणी होईल, साहेब. टाकीची नाही.”

त्याच आठवड्यात बदलीचा आदेश निघाला. प्रशासकीय कारणास्तव, जनहितार्थ, दूरच्या एका पंपघरात. तिथे प्रयोगशाळाच नव्हती. एक पंप होता, एक रखवालदार होता आणि एक खुर्ची होती, तीही रखवालदाराची. ती बसली की तो बिचारा दाराशी उभा राहायचा.

‘मी तिथे करू काय, असं विचारलं तर साहेब म्हणाले, पंपाचा आवाज ऐका.’

“हे छान आहे,” वकीलबाई म्हणाल्या. “कोणासमोर म्हणाले?”

“फोनवर.”

खोडलं.

“खातं सांगणार की एका जागेवरची तुमची मुदत संपली होती, म्हणून नियमानं हलवलं. आणि ती संपली होतीच. मग यात आकस आहे हे दाखवायचं कसं?” वकीलबाईंनी पेनाचं टोपण दाताखाली धरलं. “मुदत संपूनही जागेवरच असलेलं, तुमच्याच पदावरचं, दुसरं कोणी आहे का?”

होतं. तिच्या समोरच्याच टेबलावर होतं.

त्याला सगळे दादा म्हणायचे, तीही. टाकीच्या नमुन्यातले जंतू वाढवलेल्या काचेच्या बशा त्यानंच आधी पाहिल्या होत्या आणि तिला हाक मारली होती, “अगं, इकडे ये, बघ काय बाग फुललीय.” अहवालावर दुसरी सही त्याची होती. साहेबांनी दोघांना समोर बसवलं तेव्हा मात्र दादा टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिला. तोंडातून एक शब्द निघाला नाही. बाहेर आल्यावर जिन्यात म्हणाला, “माझी अडचण तुला माहीत आहे ना?”

माहीत होती. त्याच्या मुलीला ऐकू येत नव्हतं, आणि अशा मुलांची शाळा आसपास याच शहरात होती. त्या शाळेनं फार मेहनतीनं तिच्या तोंडून जे थोडे शब्द काढले, त्यातला एक ‘आत्या’ होता. तो हिच्यासाठी होता.

वकीलबाई थांबल्या होत्या. तिला जिना आठवला. पेपरवेट आठवला.

“आहे,” ती म्हणाली, आणि नाव सांगितलं. किती वर्षं एकाच जागी, तेही सांगितलं.

सांगताना तिला वाईट वाटलं.

(हे खोडा. तेव्हा वाटलं नव्हतं.)

दादाच्या नावाचं वाक्य वकीलबाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि खाली दुहेरी रेघ मारली.

*

न्यायमूर्ती पानं उलटत नेमके त्याच वाक्यापाशी थांबले.

“यांची मुदत संपली म्हणून यांना हलवलं,” त्यांनी खात्याच्या वकिलांना विचारलं. “यांच्या समोर बसणाऱ्या गृहस्थांची तर कधीच संपलीय. त्यांना का नाही हलवलं?”

“सूचना घेऊन सांगतो.”

“टाकीचा अहवाल आणि हा आदेश एकाच आठवड्यात निघाले. त्याबद्दल काही सूचना?”

खात्याचे वकील फाइलमध्ये काहीतरी शोधू लागले. तिथे काही नव्हतं, हे त्या दालनातल्या पंख्यालाही कळत होतं. ती मागच्या बाकावर मुठी आवळून बसली होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला कोणाच्या तरी घशाला पडलेली कोरड बघून बरं वाटलं.

आदेश आकसापोटी काढलेला, म्हणून रद्द. पायऱ्या उतरताना तिनं पहिला फोन रखवालदाराला केला.

“म्हणजे खुर्ची माझी, बाई?”

“तुमचीच. टेकून बसा.”

*

दादानं तिच्या काचनळ्या धुऊन, उलट्या लावून ठेवल्या होत्या. तिच्या टेबलावर धूळ नव्हती.

“ये. जिंकलीस,” तो म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता, आणि तेच तिला सोसेना.

“निकाल वाचलास?”

“वाचला. माझं नाव आलंय की त्यात. बायको म्हणाली, कुठेतरी छापून आलं एकदाचं.”

“दादा, मी…”

“असू दे गं. खोटं कुठे आहे त्यात?”

दुपारी साहेब खाली आले. प्रयोगशाळेचा वास सहन होत नाही म्हणून ते कधी खाली येत नसत. आज नाकाला रुमालही नव्हता.

“अभिनंदन, बाई. आम्ही न्यायालयाचा मान राखणारी माणसं. न्यायालयानं विचारलं, यांना का नाही हलवलं. बरोबरच विचारलं.” त्यांनी पाकीट दादाच्या हातात दिलं. “चूक दुरुस्त केली. पंपघराची जागा रिकामीच होती. कसं आहे तिथे, ते बाईंना विचारा.”

तिच्या हातात फ्लास्क होता. तिनं तो खाली ठेवला. त्याचा आवाज झाला नाही. आयुष्यात तिनं कुठलीच वस्तू इतकी जपून ठेवली नव्हती.

साहेब गेले. दादानं आदेश वाचला, घडी घातली, खिशात टाकला आणि बशा मोजायला परत वाकला.

“मी रुजू होतो मुकाट्यानं,” तो म्हणाला. “पोरीला घरीच शिकवू.”

“कोण शिकवणार? तू? तुला साहेबासमोर एक शब्द काढता येत नाही, तू तिला बोलायला शिकवणार?”

हे तिनं मनात म्हटलं.

(खोडा. मोठ्यानं म्हटलं. बाहेरच्या शिपायानंही ऐकलं.)

दादाचे कान लाल झाले. बशांवरचं डोकं त्यानं वर केलं नाही. तिनं त्याची पिशवी उचलली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

“चल. वकीलबाई सहापर्यंतच असतात.”

*

वकीलबाईंनी आदेश दोनदा वाचला. पहिल्यांदा वकील म्हणून. दुसऱ्यांदा त्यांच्या तोंडून जो शब्द गेला, तो त्यांनीच एकदा खोडला होता.

मग कोरा कागद ओढला. पेनाचं टोपण दाताखाली गेलं.

“मुदत संपूनही जागेवरच असलेलं,” त्यांनी दादाला विचारलं, “तुमच्याच पदावरचं, दुसरं कोणी आहे का?”

विचारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी टोपण तोंडातून काढलं.

वकीलबाईंच्या टेबलावरही पेपरवेट होता. काचेचा, आत हिरवी पानं. दादानं त्याच्याकडे पाहिलं. मग मान वर केली.

“नाही,” तो म्हणाला. खणखणीत आवाजात, शेजारच्या खोलीतला टंकलेखक थबकला इतक्या. “कोणी नाही.”

“आहे,” ती म्हणाली.

“तू गप्प बस.”

“आहे, लिहा. नाव तुम्हाला पाठ आहे.”

“नीट विचार करा,” वकीलबाई म्हणाल्या. “हे नाव कागदावर आलं की यांचं काम होईल. पण मग तुम्हाला हलवायला तुमच्या साहेबांना पुन्हा आयतंच…”

“लिहा.”

त्यांनी लिहिलं. छोटंसंच वाक्य झालं.

“खोडा ते,” दादानं हात पुढे केला. “बाई, माझ्या अर्जात काय हवं ते मी ठरवणार. खोडा.”

वकीलबाईंचं पेन कागदावर टेकलं होतं. तिनं पेपरवेट उचलला आणि त्या वाक्यावर ठेवला.