रस्त्याखालचे सात

मी ओगोवे नदीकाठचा दगड बोलतोय. उघड्या टेकडीवर पडून असतो. सभोवार गवत, त्यापलीकडे नजर पोचेल तिथवर जंगल.

माझा जन्म कधीचा, ते मला ठाऊक नाही. फार पूर्वी या टेकडीवर लोखंड गाळणारी माणसं राहत. त्यांच्यातला एकजण टोकदार सळई घेऊन आला आणि माझ्या पाठीवर टकटक करत बसला. बऱ्याच दिवसांनी उठला, तेव्हा एकात एक चार वर्तुळं आणि शेजारी एक पाल तयार झाली होती. त्याचा अर्थ मला विचारू नका. मला फक्त टोचलेलं कळलं.

ती माणसं गेली, दुसरी आली. पावसाळ्याआधी गवत पेटवायची रीत मात्र कुणी मोडली नाही. पेटवलं नाही तर जंगल पुढे सरकतं आणि मुळं आमच्या फटींत शिरतात. हत्ती अंग घासून जात. वर्तुळांवर शेवाळ चढलं.

मग खाली रस्ता निघाला. खडीसाठी मबिका नावाचा तरणा गडी घण आणि छिन्नी घेऊन वर आला. पंधरा दिवसांत त्यानं माझे सात शेजारी फोडले. माझी पाळी आली. छिन्नी बसवायला त्यानं शेवाळ खरवडलं आणि थबकला. मुकादम धापा टाकत आला.

"काय रे, दगडाशी लग्न लावतोस की काय?"

"दादा, हे कुणीतरी कोरलंय."

"पावसानं झालं असेल. फोड."

"पाऊस पाल काढतो होय?"

"फोड म्हटलं ना! नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मबिकानं घण खाली ठेवला आणि निघून गेला. मुकादमानं स्वतः दोन घाव घातले. माझ्या कडेची कपची उडाली, पण हे काम त्याला कुठलं जमायला! पुढची खडी नदीपलीकडून आली.

रविवारी मबिका बायकोला, एलोडीला, घेऊन आला.

"ह्या दगडापायी काम सोडलंत?" ती करवादली. मग तिनं वाकून पालीवरून बोट फिरवलं. "आणि आधीचे सात?"



पुढे शहरातून अभ्यासक आले. मबिकानं त्यांना टेकडीटेकडीवरचे कोरीव दगड दाखवले. हा सगळा मुलूख राखीव झाला. आता त्याची मुलगी ओनोरिन इथं रक्षक आहे. गवत तीच पेटवते. पाहुणे आले की म्हातारा मबिकाही काठी टेकत येतो.

"हा दगड माझ्या बाबांनी वाचवला," ती सांगते.

"सात फोडले, तेही सांग."

"बाबा, त्यांच्यावर काही नव्हतं."

"तू पाहिलं होतंस? शेवाळाखाली मीसुद्धा पाहिलं नाही."

मग तो माझ्या सावलीत मला पाठ टेकून बसतो आणि खालच्या रस्त्याकडे बघत राहतो.

मी पाहिलं होतं. सातांपैकी पाचांवर चित्रं होती. एकावर तर पिल्लासकट पाल होती.

तुम्ही कधी इकडे आलात, मबिका भेटला, तर हे त्याला सांगू नका.