टपालबाईंचे अकरा दिवस

मी एक जुना पांढरा डबा आहे. तीन लिटरचा, घट्ट झाकणाचा, पोटावर मापाच्या रेघा असलेला. मित्रांनो, माझ्यात लघवी साठवत असत. नाक मुरडायचे असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मी काही लाजणार नाही.

कारखान्यात शेजारच्या साच्यातून तेलाचे डबे निघाले. ते स्वयंपाकघरांत गेले, मी प्रयोगशाळेत. तिथल्या ताईंनी मला आधी आम्लाने आणि मग शुद्ध पाण्याने तीनदा विसळले. असे न्हाणे तेलाच्या डब्याच्या नशिबी कुठले? धडधाकट बायकांच्या जेवणात आयोडीन किती असते आणि ते किती बदलत राहते, हे मोजायचे होते. खाल्लेले बहुतेक आयोडीन लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून महिन्यातून एक दिवस, या सकाळपासून त्या सकाळपर्यंतची सगळी लघवी माझ्यात. असे वर्षभर. दर वेळी ताई त्यातला थोडा नमुना काढून गोठवून ठेवत आणि मला विसळून परत पाठवत.

मी टपाल वाटणाऱ्या एका बाईंच्या वाट्याला आलो. त्यांना सगळे टपालबाई म्हणत. सासूबाईंना असला पाहुणा घरात नको होता, आणि कामावरचे लोक पिशवीत काय दडवले आहे म्हणून चिडवत. बाई कोणालाच दाद देत नसत. एखाद्या महिन्यात त्या दिवशी ताटात मासे, अंडी, दूध असे. एखाद्या महिन्यात दारोदार हिंडताना नुसता चहा आणि बिस्किटे. आयोडीनचा आकडाही तसाच वरखाली होई.

सातव्या महिन्यात घोटाळा झाला. टपाल फार होते, मी टपाल कार्यालयातच राहिलो आणि बाईंना वाटेत लघवीला जावे लागले. परतल्यावर मी कमी भरलेला पाहून त्या कानकोंड्या झाल्या. आपल्यामुळे ताईंचे काम बिघडेल या भीतीने त्यांनी नळाचे पाणी ओतून मला नेहमीच्या रेघेपर्यंत भरले. मला फार राग आला. पण माझे तोंड काय कामाचे, त्याला बोलता येत नाही.

वर्ष संपल्यावर मोठ्या डॉक्टरांनी कागद पाहिले. सातवा नमुना पाण्यासारखा पातळ निघाला होता. तेच घर, तेच आयोडीनचे मीठ, मग बाकीचे आकडे तरी एवढ्या उड्या का मारतात? बाईंनी वर्षभर पाणीच घातले असणार, असे ते म्हणाले. बाराही नमुने रद्द करायचे ठरले. ताईंना राहवले नाही, त्यांनी बाईंना फोन केला.

टपालबाई गणवेशातच आल्या. त्यांनी मला फळीवरून उचलले आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले.

"सातव्या महिन्यात मी पाणी घातलं. चूक माझी, तेवढं एक खोडा," त्या म्हणाल्या. "पण बाकीचे अकरा दिवस खरे आहेत. मी जे खाल्लं तेच त्यात आहे. त्यांना हात लावायचा नाही."

हे खरे कशावरून, असे डॉक्टरांनी विचारले.

"खोटंच बोलायचं असतं, तर हे एक तरी कशाला सांगितलं असतं?"

ताईंनी जपून ठेवलेले अकरा नमुने पुन्हा तपासले. शरीरातून रोज जवळजवळ सारखाच बाहेर पडणारा एक पदार्थ अकराही नमुन्यांत पुरेपूर होता, म्हणजे एकातही पाण्याची भर नव्हती. आकडे उड्या मारत होते, कारण बाईंचे दिवसच तसे होते. मग अहवालात एक वाक्य आले, की एका दिवसावरून कोणत्याही बाईचे आयोडीन ठरवू नये.

आता माझ्या रेघा पुसल्या आहेत आणि माझ्यात फरशी पुसायचे पाणी भरतात. मला जपा, अशी विनवणी मी करणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या एका चुकलेल्या दिवसावरून कोणी तुमची किंमत ठरवू लागले, तर तो दिवस कबूल करा आणि उरलेले सगळे दिवस त्याला मोजायला लावा.