घंटेच्या उजव्या अंगाने

मित्रांनो, मी एक जुना डिझेल पिकअप ट्रक आहे. जुना म्हणजे नक्की किती, ते विचारू नका. आमच्या माळावर माणसाला त्याची मेंढरं किती आणि गाडीला तिचं वय किती, हे विचारणं असभ्यपणाचं समजतात. माझी दारं निळी आहेत, बॉनेट पांढरं आहे, आणि मागचा फाळका लाल आहे, कारण तो मुळात दुसऱ्याच कुणाचा आहे. लोक हसतात. हसू देत बापडे. इंजिन मात्र माझं स्वतःचं, जन्मापासूनचं आहे.

पूर्व ओरेगॉनच्या या कोरड्या माळावर मी ऐन तारुण्यात आलो. पहिल्या मालकाकडे मी गवताचे गठ्ठे वाहिले, पाण्याच्या टाक्या वाहिल्या, बर्फात रुतलेल्या नव्या कोऱ्या गाड्या ओढून काढल्या. तेव्हा माझं किती कौतुक होई! मग मालक वारला. मुलं शहरात गेली ती गेलीच. मी कुंपणाशी एका झाडाखाली उभा राहिलो. माझ्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला, टायर बसले, आणि कित्येक हिवाळे कुणी माझी चावीसुद्धा फिरवली नाही. मित्रांनो, काम करून झिजलेलं सोसतं. नुसतं उभं राहून गंजलेलं सोसत नाही.

तिथून मला वेंडेल प्रुइट नावाच्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने उचललं. त्याने मला धुतलं, टायरांना काळा रंग फासला आणि गिऱ्हाइकाची वाट पाहू लागला. महिने गेले तरी कुणी फिरकेना. एके दिवशी सकाळी त्याने माझ्या चाकाला लाथ मारून सांगून टाकलं, की आजचं गिऱ्हाईक मला न घेता परतलं तर तो मला कापून सुट्या भागांत विकणार. आणि लगेच मला चालू करून अर्धा तास तापवून ठेवलं.

गिऱ्हाईक म्हणजे मायालेन एचेबेरी आणि तिचे वडील गानिश. युरोपातल्या डोंगरांतून आलेल्या बास्क मेंढपाळांचं घराणं. मायालेनचे हात तेलाने काळे झालेले, म्हणजे गाड्यांतली जाणकार. गानिशबाबांची नजर गेल्या काही वर्षांत मावळत चालली होती. समोर बघितलं की मधोमध काळा डाग, आणि दिसायचं ते फक्त कडेकडेचं. म्हणून म्हाताऱ्याने मला डोळ्यांनी पाहिलंच नाही. सरळ येऊन तळहात माझ्या बॉनेटवर ठेवला.

“गरम आहे,” ते म्हणाले.

वेंडेलने उन्हाकडे बोट दाखवलं. “ऊन वरनं तापवतं,” म्हातारा म्हणाला. “ही आतनं तापलीय.”

तापलेलं डिझेल इंजिन कुणाच्याही हातून चालू होतं. त्याचा खरा स्वभाव कळतो तो ते गार असताना. मायालेनने सांगितलं, आम्हाला घाई नाही, गार होईस्तोवर थांबतो. आणि बापलेक माझ्या लाल फाळक्यावर पाय सोडून बसले. म्हाताऱ्याने घरची पाव-भाकरी काढली, सुरीच्या टोकाने तिच्या पाठीवर क्रूस रेखला, पहिला तुकडा शुरी नावाच्या त्यांच्या कुत्रीला दिला आणि दुसरा वेंडेलला. मेंढपाळांची रीतच तशी, आधी कुत्र्याचं पोट. वेंडेलला तो तुकडा गिळवेना. मलाही धडकी भरली होती. इंजिनात डिझेल फवारणारे माझे नोझल खराब होते, बॅटरी मरायला टेकली होती, आणि कापायची करवत समोर भिंतीलाच टांगलेली होती.

मी गार झालो. मायालेनने चावी फिरवली. मी नुसता कण्हलो. दुसऱ्यांदा फिरवली, आणि जीव एकवटून मी पेटलो. एवढा करडा धूर सोडला, की वेंडेल त्यात दिसेनासा झाला.

मायालेन हसली. “आजारी आहे,” ती म्हणाली, “पण ढोंगी नाही. घेऊन टाकू, बाबा.”

तो हिवाळा मी त्यांच्या शेडमध्ये उघडा पडून होतो. मायालेनने उंदरांचा संसार हलवला, नोझल बदलले, पाण्याचा पंप बदलला, नवा स्टार्टर आणि दोन नव्या बॅटऱ्या बसवल्या. डिझेल तोडणारी विजेची कळ सारखी रुसायची. ती तिने उपटून फेकली आणि डॅशबोर्डखाली एक साधी तार आणून सोडली. तार ओढली की मी बंद. चालू असताना मला विजेची गरजच उरली नाही. गानिशबाबा बाजूला बसून पाने हातात देत. कुठला पाना कितीचा, ते अंगठ्याने ओळखत. एकदा त्यांनी इंजिनचं पाणी काच धुण्याच्या बाटलीत ओतलं, आणि ते आपण केलंच नाही असं आठवडाभर म्हणत राहिले.

दोघांचं दोन गोष्टींवरून बिनसायचं. पहिली, मला उभं कुठे करायचं. म्हाताऱ्याचा हेका असा, की गाडीचं नाक नेहमी उताराला हवं. बॅटरी मेली तर ब्रेक सोडावा, उतारावर गियर टाकावा, गाडी आपोआप चालू होते. मायालेन म्हणायची, नवा स्टार्टर बसवलाय, मी काय रोज टेकाडावर चढवत बसू? आणि मला सपाटीवर, शेडच्या दाराशी उभं करायची.

दुसरी गोष्ट चावीची. आमच्या खोऱ्यात चावी गाडीतच असते, ॲशट्रेमध्ये. लागेल त्याने घ्यावी, काम झालं की परत ठेवावी. पण वसंतात बाबा मला एकटेच हौदापर्यंत घेऊन गेले आणि फाटकाच्या खांबावर माझा डावा दिवा फोडून आले. मायालेनने चावी ॲशट्रेतून उचलली आणि स्वतःच्या कमरेला लावली. म्हातारा भांडला नाही. त्या दिवसापासून तो लेकीशी फक्त मेंढरांपुरतं बोलू लागला.

खरं सांगू? चूक तिची नव्हती. दिवा माझा फुटला होता, मला विचारा. पण रोज संध्याकाळी म्हातारा माझ्यात येऊन बसायचा, त्याचा हात ॲशट्रेकडे जायचा, रिकामा तळ चाचपायचा आणि परत मांडीवर यायचा. तेही मीच बघत होतो.

मग ऑगस्टमध्ये पाऊस न पडता नुसत्या विजा पडल्या, आणि सेजच्या वाळल्या झुडपांनी पेट घेतला.

मेंढ्यांचा कळप वर डोंगरावर होता, आगीच्या पलीकडे, सुखरूप. घरी होते ते एडके, एकूण बारा. त्यांना शरदापर्यंत कळपापासून लांब ठेवतात. मित्रांनो, ते एडके म्हणजे गानिशबाबांची चाळीस वर्षांची मेहनत होती. निवडून, पारखून वाढवलेलं वाण. ते गेले असते, तर येत्या वसंतात एकही कोकरू जन्मलं नसतं आणि ते वाण कायमचं बुडालं असतं. शेजारीपाजारी मदतीला धावणारे होते, पण आज ज्याच्या त्याच्या शेपटीला आग लागलेली. एडके न्यायचा ट्रेलर होता. तो ओढायला मीच एकटा होतो.

संध्याकाळी वीज गेली. फोन मुका झाला. बातमी कळायला माझा रेडिओ तेवढा उरला. मायालेनने चावी लावून रेडिओ चालू केला, बाबांना ऐकायला बसवलं आणि घराभोवतीचं वाळलेलं गवत खरवडायला धावली.

म्हातारा थोडा वेळ ऐकत बसला. मग त्याचा हात चावीवर गेला.

त्याने मला चालू केलं आणि पहिल्या गियरमध्ये घरामागच्या टेकाडावर चढवलं. वर नेऊन वळवलं, नाक उताराला केलं आणि हातब्रेक ओढला. मायालेन फावडं घेऊन धापा टाकत वर आली.

“बाबा, वाटेत मी असते तर?”

म्हातारा म्हणाला, “बघायची होती मला आग. अंगावर येतेय, तर बघू तरी.”

“मग दिसली?”

“मधे काही नाही. कडेनं लाल.”

तिने तार ओढून मला बंद केलं. मला खाली न्यायचं त्राण तिच्यात नव्हतं. माझ्या घरघरीत रेडिओ ऐकू येत नव्हता, म्हणून इंजिन बंद, रेडिओ चालू. आणि तिला खाली काम करताना उजेड हवा, म्हणून माझे दिवेही चालू. दोघांनी मिळून ठरवलं आणि दोघंही विसरले. मी तर ओरडूनही सांगू शकत नव्हतो. ती बादल्यांनी घराच्या छपरावर पाणी मारत राहिली, म्हातारा ऐकत राहिला, आणि माझ्या दोन्ही बॅटऱ्या थेंबाथेंबाने आटत गेल्या. धुरात माझे दिवे कधी विझले ते कुणाला कळलं नाही, आणि पहाटे रेडिओ गप्प झाला, तेव्हा त्यांना वाटलं, रेडिओ केंद्रच बंद पडलं.

उजाडताना पोलिसांची गाडी रस्त्यावरून गेली. निघा, आत्ताच्या आत्ता निघा, असं भोंग्यावर ओरडून ती पुढच्या घराकडे वळली. मायालेन टेकाडावर आली, चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. या वेळी टक्‌सुद्धा नाही.

माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही. धूर एवढा दाटला होता, की माझं स्वतःचं बॉनेट मला दिसत नव्हतं. मागच्या कड्यावर झाडं तडतड फुटत होती. मायालेनने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. मग ताठ बसली. माझं नाक उताराला आहे, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

पण उताराच्या तळाशी फाटक होतं, रात्री जाता-येता मायालेनने सवयीने लावून घेतलेलं. त्याच्या डाव्या हाताला दगडी हौद. फाटक उघडलं तरी धुरात ते सापडायचं कसं? आणि संधी एकच. तळाला चालू झालो नाही, तर मला पुन्हा टेकाडावर चढवणारं कुणी नव्हतं.

“फाटक मी उघडतो,” गानिशबाबा उतरत म्हणाले.

“बाबा, तुम्हाला दिसत नाही.”

“तुला तरी कुठं दिसतंय?”

म्हाताऱ्याने कोटाच्या खिशातून चिंध्यांत गुंडाळलेली घंटा काढली. कळपाच्या जुन्या म्होरक्याच्या गळ्यातली, पितळेची. अख्ख्या घरातून त्याने तेवढी एकच वस्तू वाचवायला घेतली होती. “डाव्या खांबाला पाठ लावून उभा राहतो,” तो म्हणाला. “घंटेच्या उजव्या अंगानं ये. आणि पोरी, मधे ब्रेक मारू नको.”

तो शुरीच्या पाठीवर हात ठेवून धुरात उतरला. मायालेन त्याला थांबवायला उठली आणि पुन्हा बसली. मी चुकून वीतभर जरी जास्त डावीकडे गेलो, तर तिच्या बापाला खांबावर चिरडणार होतो.

खालून घंटा वाजली. तीच एक खूण.

तिने हातब्रेक सोडला. मी हललो, गडगडलो. इंजिन बंद असलं की माझं स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. ते ती दोन्ही हातांनी, खांदा लावून धरून होती. समोर नुसता करडा धूर. घंटा वाजतेय, जवळ येतेय. तिने दुसरा गियर टाकून क्लच सोडला. मला हिसका बसला. इंजिन एकदा फिरलं, खोकलं, आणि पेटलं नाही. वेग तुटला. तिने क्लच दाबला, मला पुन्हा सुटू दिलं. घंटा आता अगदी डाव्या खिडकीशी होती. मला त्या म्हाताऱ्याचा कोट घासून गेला. पुन्हा क्लच सुटला. मी होतं नव्हतं ते सगळं लावलं.

आणि पेटलो. फाटकाच्या आरपार गेलो आणि पलीकडच्या सपाटीवर धडधडत उभा राहिलो. मागून बाबांचा आवाज आला, शांत, जणू रोजचंच काम आहे. “आता बंद करू नको म्हणजे झालं.”

तिने ट्रेलर जोडला. पण एडके धुराला बुजले, मेंढवाड्याच्या कोपऱ्यात गठ्ठा करून बसले. एकेकाला शिंगाला धरून ओढायचं, तर बारांसाठी वेळ कुठला? तेव्हा म्हातारा स्वतः घंटा वाजवत ट्रेलरमध्ये चढला. पहिल्या एडक्याने मान वर केली. जन्मभर ज्या आवाजामागे चालायचं, तो आवाज. तो उठला, त्याच्यामागे दुसरा, मग सगळेच.

गावाच्या वाटेवर, घाटात माझा जीव जायची वेळ आली. राखेने माझा हवेचा फिल्टर बुजला होता आणि बारा एडके मागे ओढत होते. धाप लागली, वेग मरत गेला. मायालेनने मला बंद न करता थांबवलं, फिल्टर उपसला, बुटावर आपटून झाडला आणि परत बसवला. दोन्ही बाजूंना झुडपं जळत होती. बाबांनी एका हाताने शुरीला धरलं होतं. दुसरा हात माझ्या डॅशबोर्डवर होता, अगदी वेंडेलच्या आवारात बॉनेटवर ठेवला होता तसा.

गावच्या जत्रेच्या मैदानावर सगळ्या खोऱ्याचे ट्रेलर रांगेने लागले होते. शेजारचा लोवेल, ज्याने मला सदैव भंगार म्हणून चिडवलं, माझ्या खिडकीशी आला. आत बघितलं, मागे एडके बघितले. मग माझ्या छपरावर दोनदा थोपटलं. मायालेनने तार ओढली तेव्हा बापाच्या खांद्यावर डोकं टेकवून ती रडली. म्हातारा तिला म्हणाला, “क्लच जरा लवकर सोडलास पहिल्यांदा.” आगीच्या धांदलीतलं सोडलं, तर कित्येक महिन्यांनी तो तिच्याशी मेंढरांखेरीज काही बोलला होता.

शेड जळाली. गवताची गंजी जळाली. ओल्या छपरामुळे घर राहिलं. वसंतात कोकरं झाली, आणि ओल्या अंगाने माझ्या सीटवर पहुडलेली ती मीच घरी आणली.

चावी अजूनही मायालेनच्याच कमरेला आहे. ते योग्यच आहे. बाबांच्या नजरेतला डाग काही पुसला जात नाही. पण रोज संध्याकाळी ती मला टेकाडावर नेते, नाक उताराला करते. बाबा आधीच वर जाऊन उभे असतात आणि घंटा वाजवून जागा दाखवतात. लख्ख उजेड असतो, तिला सगळं दिसत असतं. तरी ती घंटेच्या उजव्या अंगानेच येते. मग ते माझ्यात बसतात आणि घंटा आरशाला टांगतात. त्यांचा हात आता ॲशट्रेकडे जात नाही.

मित्रांनो, जुन्या गाडीचं तेल वेळेवर बदला, फिल्टर झाडा, तिला झाडाखाली गंजत ठेवू नका. एवढं तर मी सांगणारच. पण आणखी एक सांगतो. कधी कधी एखाद्याच्या हातातली चावी काढून घ्यावीच लागते. घ्या. पण तो हात तसाच रिकामा सोडू नका. त्यात निदान एक घंटा तरी द्या.