पिशवीत वाजलेला फोन

रंगाऱ्यांच्या गल्लीत साथीने फक्त अकरा माणसं मेली, असं आमच्या अहवालात छापलं जाणार होतं. आणि मेलीच नाहीत तर तिथला तापाचा दवाखाना कशाला? पुढच्या महिन्यात बंद.

तक्ता वाचला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या गल्लीत मी पंधरा वर्षं दारोदार फिरते. पोरं मला रक्तवाली म्हणतात. दर दोन वर्षांनी त्याच माणसांचं रक्त, रक्तदाब, वजन. कशासाठी? तर उद्या मोठा रोग आलाच, तर तो कोणाला धरतो आणि का, ते कळावं. रोग आला. तेव्हा आम्ही घरात दडून फोन केले.

"अकराच कसे?" मी सरांना विचारलं. सर म्हणजे या अख्ख्या अभ्यासाचे प्रमुख.

"बाकी चौपन्न जणांचा संपर्क तुटलाय. तीन फोन, उत्तर नाही, की संपर्क तुटला. नियमच आहे. गेले असतील कुठे."

"वर गेले असतील."

"असतील म्हणून लिहिता येत नाही, बाई. कागद लागतो. शुक्रवारी अहवाल आरोग्य खात्याकडे जातोय, तुमची सही तेवढी राहिलीय."

कागद लागतो? कागद होता की! घरी जाऊन मृत्यूची चौकशी करायचा फॉर्म. लक्षणं, तारखा, दोन साक्षीदार. आमच्याच कपाटात धूळ खात पडलेला. गठ्ठा काखेत मारला आणि सोमवारी सकाळी निघाले.

पहिलं दार थोरल्या रंगाऱ्याचं. हा माणूस दर वेळी निळेजांभळे हात पुढे करून म्हणायचा, "घे गं, पण रक्त निळं निघालं तर माझ्या नावाने ओरडू नकोस."

दार काकूंनी उघडलं.

"आलीस? काय काढायचं राहिलंय आता?"

"काकू, काका..."

"पंधरा वर्षं नळ्या भरून नेल्यास. माणूस धापा टाकत होता, तेव्हा कुठे मेली होतीस?"

मी उंबऱ्यातच बसले. त्यांनी कपाटातून एक सीलबंद प्लास्टिकची पिशवी आणली. चष्मा, पट्टा, फोन. हॉस्पिटलने परत दिलेली.

"उघडायची नाही म्हणाले, रोग असतो आत. मग हा वाजायला लागला. बुधवारी दोनदा, शनिवारी एकदा. पिशवीतच. मी समोर बसून बघत होते." मग एकदम भडकल्या. "तुम्हीच करत होतात ना? मेलेल्या माणसाला?"

"हो, काकू. आम्हीच."

"लिही मग तसंच. एक अक्षर गाळलंस तर बघ."

लिहिलं. गुरुवारपर्यंत चौपन्न दारं वाजवली. नऊ जण खरंच राहायला दुसरीकडे गेले होते, तसं लिहिलं. आठ घरांना कुलूप होतं, तसं लिहिलं. सदतीस मेले होते.

शुक्रवारी गठ्ठा सरांच्या टेबलावर आदळला.

"आता उशीर झाला," सर म्हणाले. "आकडे पक्के झालेत, आता बदलता येत नाहीत. हे पुढच्या अहवालात घालू."

"तोवर दवाखाना राहील?"

"तो माझा विषय नाही. इथे सही करा. 'माहिती पूर्ण आणि खरी आहे' या ओळीखाली."

"नाही करत."

"दुसऱ्या कोणाची घेईन."

"खुशाल घ्या. पंधरा वर्षं प्रत्येक कागदावर माझी सही आहे. याच कागदावर का नाही, असं कोणी विचारलं तर सांगायला काहीतरी शोधून ठेवा. मला विचारलं तर मी सगळंच सांगेन."

सरांचे कान लाल झाले. चिडून त्यांनी वरचाच फॉर्म ओढला. दोन ओळी वाचून थांबले.

"पिशवीत?"

"तारखा ताडून बघा. फोनची नोंद तुमच्याच संगणकात आहे."

त्यांनी बघितल्या. बुधवार, बुधवार, शनिवार. फॉर्म पडद्याशेजारी धरून पुन्हा एकदा ताडल्या. मग मान खाली घालूनच म्हणाले, "खात्यातल्या साहेबांना कळवतो, आज अहवाल येत नाही म्हणून," आणि फोन उचलला.

"करा," मी म्हणाले. "ते उचलतील. जिवंत आहेत."

पेन पर्समध्ये टाकलं आणि खुर्ची ओढून बसले. अजून छत्तीस वाचायचे होते त्यांना, माझ्यासमोर.